दोन फटक्यांचा दंड

दंड हा शब्द आपल्या भाषेत फार वाईट संगतीत वाढलेला आहे. दंडाबरोबर अपराध येतो, अपराधाबरोबर न्यायाधीश येतो, आणि न्यायाधीशाबरोबर बघ्यांची गर्दी येते. त्यामुळे कोणी मागितलेला नसताना एखादा मनुष्य आपण होऊन दंड भरावयास पुढे झाला, तर पाहणारे प्रथम त्याच्या शहाणपणाविषयीच शंका घेतील. तथापि जगात एक खेळ असा आहे, की त्यात हा प्रकार नित्य घडतो आणि तसे करणारास कोणी वेडा म्हणत नाही. तो खेळ म्हणजे गोल्फ.

गोल्फ हा काही आमच्या घराण्यातला खेळ नव्हे. कलकत्त्यास गोल्फचा क्लब १८२९ सालीच निघाला होता. परंतु विटीदांडू आणि लगोरी यांवर पोसलेल्या आमच्या पिढीपर्यंत त्या खेळाची वार्ता पोहोचली ती दुरून, आणि तीही साहेबी रिकामपणाचे एक लक्षण म्हणून. पुढे लष्करातून कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आमच्या छत्रपती संभाजीनगरात बिऱ्हाड केले, त्यांचा आमचा स्नेह जुळला, आणि या खेळाची बाराखडी आम्ही त्यांच्याकडून गिरवली. हाती काठी घेण्यापेक्षा नियमांचे पुस्तक हाती घेण्यात आमचे मन अधिक रमले, हे सांगावयास हरकत नाही. कायद्याची पुस्तके रुक्ष असतात असा समज आहे. परंतु ज्या कायद्यात मनुष्यस्वभाव ओळखून वाटा ठेवलेल्या असतात, तो कायदा कादंबरीइतकाच वाचनीय होतो.

खेळाचे स्वरूप थोडक्यात असे, की दूरच्या हिरवळीवरील एका भोकात चेंडू कमीत कमी फटक्यांत घालावयाचा. वाटेत मुद्दाम वाळूचे खड्डे केलेले असतात. त्यांस बंकर म्हणतात. बंकरात चेंडू पडणे हा गुन्हा नव्हे आणि त्याबद्दल शिक्षाही नाही. वाळूतून तो काढावा लागतो, एवढेच. मात्र कधी तो वाळूत अर्धा रुतून बसतो, तर कधी खड्ड्याच्या उभ्या काठाला अशा रीतीने चिकटतो, की त्यावर काठी चालविणे म्हणजे भिंतीवर डोके आपटणेच होय. अशा प्रसंगी चेंडू खेळण्याजोगा नाही असे जाहीर करण्याचा अधिकार खेळाडूस आहे, आणि विशेष हे, की तो केवळ त्याचाच आहे. पंच, प्रतिस्पर्धी किंवा काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी यांपैकी कोणाचीही संमती लागत नाही, आणि पुरावाही लागत नाही.

एकदा असे जाहीर केले, की त्याच्यापुढे चार वाटा राहतात. पहिली वाट म्हणजे एका फटक्याचा दंड घेऊन जेथून आधीचा फटका मारला त्याच जागी परत जावयाचे. दुसऱ्या व तिसऱ्या वाटेनेही दंड एकाच फटक्याचा, परंतु चेंडू सोडावयाचा तो खड्ड्यातच: एक तर पहिल्या जागेपासून दोन काठ्यांच्या अंतरात, भोकाच्या अधिक जवळ न जाता, नाही तर भोक आणि चेंडू यांना जोडणाऱ्या रेषेवर मागे सरकून. चौथी वाट १ जानेवारी २०१९ पासून नियमांत आली. दोन फटक्यांचा दंड घ्यावयाचा, आणि त्याच रेषेवर मागे जात जात खड्ड्याच्या सर्वस्वी बाहेर यावयाचे. चेंडू पूर्वी खांद्याच्या उंचीवरून सोडीत. त्याच साली झालेल्या बदलाने तो आता गुडघ्याच्या उंचीवरून सोडतात. म्हणजे दंड घेणारास थोडे वाकावेच लागते!

या चौथ्या वाटेवरून आमचे कर्नलसाहेब चालताना आम्ही पुण्याच्या एका मैदानावर पाहिले. त्यांचा चेंडू खोल खड्ड्यात काठाखाली बसला होता. त्यांनी एक फटका मारला. वाळूचा लोट उठला, चेंडू काठाच्या वरच्या कडेपर्यंत गेला, क्षणभर तेथे थांबला आणि घरंगळत पुन्हा त्यांच्याच पाऊलखुणेत येऊन बसला. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले, भोकाकडे पाहिले, आणि खाली वाकून चेंडू उचलला. सोबतचे एक गृहस्थ म्हणाले, "अहो कर्नलसाहेब, आणखी एक प्रयत्न करून पाहा ना! तुम्ही तर सैनिक!" साहेब शांतपणे उत्तरले, "सैनिक आहे म्हणूनच. माघार कशी घ्यावी हे आम्हांला शिकवलेले असते. पुढे जायला कोणीही जातो." हसणारे हसले. साहेबांनी दोन फटके मांडले आणि रेषा धरून मागे चालू लागले.

त्या संध्याकाळी आम्ही या प्रश्नाचे गणित मांडून पाहिले. समजा, खड्ड्याबाहेर आल्यावर एका फटक्यात चेंडू हिरवळीवर नेता येतो. मग दंडाचे दोन आणि हा एक, असे तीन फटके खर्ची पडतील. उलट, खड्ड्यातून पहिल्याच प्रयत्नात चेंडू हिरवळीवर गेला तर खर्च एकाचा, दुसऱ्यात गेला तर दोहोंचा, तिसऱ्यात गेला तर तिहींचा. म्हणजे तिसऱ्या प्रयत्नापर्यंत सुटका होईल अशी वाजवी खात्री असेल, तर दंड भरण्यात काही लाभ नाही. जेथे चौथा फटका समोर दिसू लागतो तेथेच दंड स्वस्त होतो. तेव्हा वाळू दिसताच चेंडू उचलणारा मनुष्य शहाणा नव्हे, तर भित्रा होय. आणि गणितातही तो कच्चा आहे.

किंबहुना चांगल्या खेळाडूस या वाटेची गरज क्वचितच पडते. जीन साराझेन या अमेरिकन खेळाडूने जाड तळाची एक खास काठी सिद्ध केली आणि १९३२ साली ब्रिटनची खुली स्पर्धा जिंकताना ती वापरली. त्या काठीचे मर्म असे, की तिने चेंडूस मारावयाचेच नाही. चेंडूच्या मागील वाळूस मारावयाचे, म्हणजे वाळूच चेंडूला उचलून बाहेर टाकते. ज्यात आपण अडकलो त्याच्याच बळावर बाहेर पडण्याची ही युक्ती शिकण्यासारखी आहे, यात शंका नाही. परंतु ती साधलेली असणे निराळे, आणि ती आपणांस याच घटकेस साधेल अशी आशा बाळगणे निराळे. बंकरात दिवाळे निघते ते बहुधा या दुसऱ्या गोष्टीमुळे.

गणितात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या मते तीच सर्वांत महत्त्वाची. आधी मारलेले फटके या हिशेबात कोठेच येत नाहीत. चेंडू पाऊलखुणेत परत आला, त्या वेळी साहेबांचा एक फटका वाया गेलेला होता. परंतु पुढचा प्रश्न विचारताना तो वाया गेला की सत्कारणी लागला याला काही अर्थ नव्हता. प्रश्न एवढाच, की येथून पुढे किती? मनुष्याचे मन मात्र हा हिशेब नेमका उलट करते. 'एवढे मारले, आता कशाला सोडावे?' असे ते म्हणते. गेलेल्या फटक्यांची लाज राखण्याकरिता ते येणारे फटके गहाण टाकते.

त्यातून या नियमात एक मार्मिक खोच आहे. वर सांगितलेली पहिली वाट, म्हणजे आधीच्या जागी परत जाण्याची, खड्ड्याबाहेर नेते आणि तीही एकाच फटक्यात; पण केव्हा? वाळूत एकही फटका मारलेला नसेल तेव्हाच. एकदा वाळूत काठी चालवली, की 'आधीची जागा' म्हणजे वाळूच! तेथून पुढे स्वस्त दार बंद झाले. २०१९ पूर्वी तर त्या बिचाऱ्यास दंड भरूनही बाहेर येता येत नसे. आता येते, पण दुप्पट किमतीने. स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथे १९७८ साली खुल्या स्पर्धेच्या तिसऱ्या फेरीत जपानच्या नाकाजिमा या खेळाडूवर हाच प्रसंग आला. सतराव्या भोकाच्या हिरवळीवर तो दोन फटक्यांत पोहोचला होता. तेथे हलकेच ढकललेला चेंडू उतारावरून घरंगळला आणि शेजारच्या खोल बंकरात पडला. त्यातून बाहेर पडण्यास त्याला चार फटके लागले, आणि त्या एका भोकावर त्याच्या नावे नऊ मांडले गेले. बंकरातील पहिल्या फटक्यापूर्वी एका फटक्याचा दंड घेऊन त्याला हिरवळीवर परत जाता आले असते. अर्थात हे आम्ही खुर्चीत बसून म्हणतो. जो पहिला फटका मारावयास उभा असतो, त्याच्या डोळ्यांपुढे चौथा नसतो.

कोणी म्हणेल, की या परदेशी खेळाचे एवढे कौतुक आमच्या मराठवाड्यास काय कामाचे? परंतु आमच्या जिल्ह्यातील शेतकरी हा नियम कोणत्याही क्लबाचा सभासद न होता जाणतो. मृगाचा पाऊस पडतो, तिफण चालते, बी उगवून येते, आणि मग आभाळ कोरडे पडते. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याखेरीज पेरू नये असा कृषितज्ज्ञांचा सल्ला असतो. परंतु शेजाऱ्याचे शिवार पेरलेले दिसत असता आपले मोकळे ठेवणे सोपे नाही. पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली, की कोंब माना टाकू लागतात, आणि शेतकरी रोज सकाळी बांधावर उभा राहून एकच प्रश्न स्वतःस विचारतो: थांबावे, की मोडावे?

त्याच्याही वाटा आमच्या चार वाटांसारख्याच आहेत. रोपे विरळ झाली असतील तर नांग्या भरून, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टोकून, पीक वाचवता येते. हा एका फटक्याचा दंड, खड्ड्यातल्या खड्ड्यात. सारेच गेले असेल तर उभे पीक मोडून दुबार पेरणी. हा दुप्पट दंड. सोयाबीनला एकरी सुमारे तीस किलो बी लागते. ते पुन्हा विकत आणावयाचे, मशागतीचा खर्च पुन्हा करावयाचा, आणि बहुधा त्यासाठी पुन्हा हात पसरावयाचा. शिवाय हे दारही सदा उघडे नसते. सोयाबीनच्या पेरणीची वेळ साधारणतः जुलैच्या मध्यापर्यंतच असते; त्यानंतर बाजरी, तूर किंवा सूर्यफूल अशा दुसऱ्याच पिकाचा विचार करावा लागतो. आठ दिवस आशेवर काढले तर कदाचित पाऊस येईल आणि सारे वाचेल. कदाचित येणार नाही आणि वेळही जाईल. गोल्फचा खेळाडू चुकला तर त्याच्या कागदावर एक आकडा वाढतो. येथे चूक झाली तर एका घराचे वर्ष जाते. हा निर्णय दर दोन-चार वर्षांनी घेणाऱ्या मनुष्यास आम्ही शहरातील लोक धीर शिकवू लागतो, तेव्हा आम्हांस आमचीच गंमत वाटते.

हा सारा विचार आमच्या मनात घोळत असतानाच आमच्या घरात एक प्रश्न येऊन उभा राहिला. आमचा एक भाचा स्पर्धा परीक्षांच्या मागे आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेस तो चार वेळा बसला. पहिल्या दोन वेळा पूर्वपरीक्षेतच अडला, तिसऱ्या वेळी मुख्य परीक्षेपर्यंत गेला, आणि चौथ्या वेळी पुन्हा पूर्वपरीक्षेत थांबला. काठापर्यंत जाऊन परत आलेला चेंडू आम्ही पुण्यास पाहिला होता. त्याची आठवण आम्हांस झाली, परंतु ती आम्ही बोलून दाखवली नाही. आमच्या धाकट्या बहिणीने डोळ्यांत पाणी आणून म्हटले, "दादा, तूच त्याला काय ते सांग. आमचं कोणाचं तो ऐकत नाही." एका रविवारी सकाळी आम्ही त्याला घेऊन देवगिरीच्या किल्ल्यावर गेलो.

तो किल्ला या विषयावर बोलण्यास फार योग्य आहे. महंमद तुघलकाने १३२७ सालच्या सुमारास येथे राजधानी आणली, दिल्लीची मोठमोठी माणसे येथे हलवली, आणि आठ-दहा वर्षांत त्यांस परत जाण्याची मोकळीक दिली. याबद्दल सहा शतके जग त्याला हसत आले आहे. 'तुघलकी' हा शब्दच आपण त्यावरून केला. परंतु आम्हांस नेहमी वाटते, की लोक त्याच्या दोन निर्णयांपैकी नको त्यालाही हसतात. येथे येणे अविचाराचे असेल. परत जाणे तसे नव्हते. त्याला दंड जबर बसला. १३४७ साली याच दौलताबादेत बंड होऊन बहमनी राज्य उभे राहिले आणि दक्षिण त्याच्या हातून गेली. पण दिल्ली राहिली.

येथून खुलताबाद जवळच आहे. तेथे औरंगजेबाची साधी कबर आहे. तो १६८१ साली दक्षिणेत उतरला. १६८६ त विजापूर आणि १६८७ त गोवळकोंडा त्याने घेतला. १६८९ साली छत्रपती संभाजी महाराजांना त्याने क्रूरपणे ठार केले आणि दक्षिण आता संपली असे मानले. संपली नव्हती. राजाराम महाराज जिंजीस गेले, त्यांच्यामागे ताराबाई उभ्या राहिल्या, आणि म्हातारा बादशहा एकेका किल्ल्यापुढे तळ देत राहिला. एक किल्ला घेतला की मागचा जाई. पंचवीस वर्षे त्याने प्रत्येक फटका शेवटचाच समजून मारला. १७०७ साली अहमदनगर येथे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, तो मेला. दिल्ली त्याने पुन्हा पाहिली नाही. राज्यांच्या संग्रामाची आणि खेळाची बरोबरी करण्याचा आमचा हेतू नाही. ज्यांनी त्याला येथे अडकवून ठेवले त्यांचा पराक्रम खेळ नव्हता. परंतु अडकलेल्याच्या मनाची रीत राजवाड्यात आणि झोपडीत एकच असते, एवढे म्हणण्यास हरकत नसावी.

हे सारे आम्ही भाच्यास रंगवून सांगितले. तो हुशार मुलगा. इतिहास त्याला आमच्यापेक्षा अधिक तोंडपाठ. बारादरीच्या सावलीत बसल्यावर तो हसून म्हणाला, "मामा, तुम्ही मला फिरवून फिरवून एकच सांगताय. सरळ सांगा ना, सोडू का?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्याजवळ होते, आणि ते आम्ही दिले नाही. नियमाचे पहिले वाक्य आम्हांस पाठ होते: चेंडू खेळण्याजोगा आहे की नाही हे केवळ खेळाडूच ठरवील. आमच्या घरात मात्र हा निर्णय आई घेते, मामा घेतो, शेजारी घेतात. ज्याचा चेंडू आहे त्याला सोडून सर्व घेतात. आम्ही त्याला एवढेच म्हणालो, "गेलेली चार वर्षे बाजूला ठेव. ती कोणी परत देणार नाही, आणि पाचवे वर्ष दिल्याने ती वसूलही होणार नाहीत. येथून पुढे किती लागेल ते बघ. आणि एक कर. पुन्हा बसणार असशील तर कोठे थांबणार ते आजच ठरव; वाळूत उभा राहिल्यावर ते ठरत नाही." आयोगाने साधारण वर्गाच्या उमेदवारास सहा प्रयत्नांची आणि बत्तीस वर्षे वयाची मर्यादा घातली आहे. ती कठोर वाटते. पण ज्याला स्वतःस मर्यादा घालता येत नाही, त्याच्यावर ती कोणी तरी घातली हे एका अर्थी दयेचेच आहे.

तो बराच वेळ खाली पाहत होता. मग म्हणाला, "सोडण्याचं काही नाही, मामा. पण मग आई-बाबांनी चार वर्षं लोकांना जे सांगितलं त्याचं काय?" तेव्हा आम्हांस कळले, की त्याचा पाय रुतला होता तो अभ्यासात नव्हे. तो लोकांच्या डोळ्यांत रुतला होता. त्या दोन फटक्यांची भीती त्याला नव्हती. ते मांडताना कोणी तरी पाहील याची होती. आणि ते पाहणारे आम्हीच होतो.

दोन महिन्यांनी त्याने वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेबखात्यात नोकरी धरली. 'वाळूतून निघाला आणि वाळूजला गेला' अशी कोटी आमच्या कर्नलसाहेबांनी केली, तेव्हा तो स्वतःही हसला. परंतु ते हसणे सहज आले असे म्हणवत नाही. त्याच्या बरोबरीचे दोघे निवडले गेले आहेत, आणि त्यांच्या सत्काराची पत्रिका घरी आली तेव्हा तो त्या दिवशी उशिरापर्यंत कचेरीतच बसला. पुस्तके त्याने विकली नाहीत. खोक्यांत भरून माळ्यावर ठेवली आहेत. दंड खरा असतो, ही गोष्ट दंडाचे गोडवे गाणारांनी विसरू नये. शहाणपणाने भरला म्हणून तो कमी होत नाही.

कर्नलसाहेबांचा त्या दिवसाचा कागद आम्ही मागून घेऊन पाहिला होता. त्या भोकापुढे एक आकडा लिहिलेला होता, आणि त्यावर साहेबांची सही होती. त्यात चांगले फटके किती, वाया गेलेले किती आणि दंडाचे किती, याचा निराळा रकाना त्या कागदावर नसतो. त्याच्या खालच्या ओळीत पुढच्या भोकाची जागा होती, आणि तीही भरलेली होती.